गवत फक्त माझ्याच पडद्यावर

दस्तगीर, तुझ्याविषयी चार ओळी लिहून दे म्हणून ग्रुपवरची पोरं माझ्या मागे लागली आहेत. पोरं म्हणायचं आपलं, त्यातला सगळ्यात लहानही आता चाळिशी ओलांडून बसलाय. सात रस्त्याजवळच्या गेमिंग सेंटरात तुझ्या नावानं स्पर्धा भरवायची ठरली आहे. दारात तुझा फोटो लागणार आणि फोटोखाली माझ्या चार ओळी. वरचं वाक्य त्यांनीच ठरवून टाकलंय: 'सोलापूरचा सगळ्यात सरळ नेमबाज.' स्पर्धेला नियमही तुझाच लागणार, तुझ्या नावाचा.

मी लगेच हो म्हणालो होतो. तुझ्याविषयी मी नाही लिहायचं तर कोणी? कॉलेजात असताना नवी पेठेतल्या सायबर कॅफेत एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसून आपण पहिल्यांदा बंदूक चालवली, पडद्यावरची. तेव्हापासून पन्नाशीच्या तोंडापर्यंत तू समोर होतास. पण लिहायला बसलो की 'सरळ' या शब्दाशी हात अडतो. का अडतो ते तुला कळेल. मला ते कळलंय, एवढंच तुला माहीत नाही. भिंतीवरच्या ओळी थांबू देत. आधी तुझ्याशी बोलतो.

कार्ड आणलंस तो दिवस आठवतो? कोरोनाच्या बंदीत सगळे घरात अडकले आणि आपला जुना नाद पुन्हा उफाळून आला. आता कॅफे नव्हता. ज्याच्या त्याच्या घरी ज्याचं त्याचं मशीन, कानाला हेडफोन, आणि रविवारी दुपारची जेवणं झाली की एकास एक सामने. माझ्या मशीनवर पडदा अडखळत चालायचा. मी मान वळवेपर्यंत तू मला मारून चहा पिऊन यायचास. रस्ते सुरू झाले तसा तू तुझ्या ट्रान्सपोर्टच्या गाडीतून पुण्याला गेलास आणि येताना माझ्यासाठी ग्राफिक्स कार्ड घेऊन आलास. मागं गाडीभर माल, आणि तू क्लीनरच्या जागेवर मांडीत खोकं धरून बसलेला. टेंभुर्णीच्या पुढं गाडी खड्ड्यात आदळली, तुझं डोकं टपाला लागून टेंगूळ आलं, पण खोकं हातातून सोडलं नाहीस. मी म्हटलं, "एवढं कशाला करायचं?" तर म्हणालास, "मग काय कॅल्क्युलेटरवर खेळायलास तू? तुला मारताना मला लाज वाटायलीय की बे."

कार्ड तूच बसवलंस. सेटिंग तूच उघडलंस, आणि सावल्या, धूर, पाणी, गवत, सगळं एकेक करून शेवटच्या टोकाला नेलंस. मग उठून मला खुर्चीत बसवलंस. पडद्यावर डोंगराचा उतार होता आणि त्यावर गुडघाभर वाळलेलं गवत. वारा आला की सगळं एका अंगाला झुकत जायचं.

"देख, घास कैसी हिलरी!" तू मला दाखवत होतास, पण तोंड तुझंच उघडं राहिलं होतं. "आता ह्यात लोळ म्हशीगत. कुणाच्या बापाला दिसणार नाहीस."

मला तोवर वाटायचं, खेळात गवत आहे म्हणजे सगळ्यांनाच आहे. होम मैदानावर धूळ आहे ती जशी सगळ्यांनाच असते. तू म्हणालास, तसं नसतं. पायाजवळचं गवत सगळ्यांना सारखं दिसतं, पण लांबचं गवत ज्याचं त्याचं मशीन काढतं. ज्याचं मशीन कमजोर तो गवत बंद ठेवतो, आणि मग लांब गवतात लपलेला माणूस त्याला उघड्या जमिनीवर पालथा पडलेला दिसतो. सावल्यांचंही तेच. सावल्या बंद केल्या की अंधारी खोलीसुद्धा दिवा लावल्यासारखी उजळ. काही जण तर चांगलं मशीन असून मुद्दाम बंद ठेवतात. त्यांना सुंदर दिसण्याशी देणंघेणं नसतं, समोरचा दिसला की झालं.

"मग हे चालतंय व्हय?" मी विचारलं होतं.

"कसलं चालतंय? ज्याला जेवढं दिसतं तेवढंच समोरच्याला दिसायला पाहिजे. नाहीतर खेळ कसला, शिकार की ती."

या वाक्यातून आपला नियम निघाला. सगळ्यांनी गवत पूर्ण, सावल्या पूर्ण. रविवारी सामन्याआधी प्रत्येकानं आपल्या सेटिंगचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. असा नियम करणारे आपण बहुतेक एकटेच असू, आणि मला त्याचा काय तोरा होता! तुझं ते वाक्य मी कारखान्यात डबा खाताना ऐकवायचो, जन्मात माऊस न धरलेल्या माणसांना. माझा दोस्त असा आहे म्हणून सांगायचो.

दुसरी आपली रीत बारशाची. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याचं नाव ठेवायचं, आणि पुढचा सामना होईपर्यंत त्यानं खेळात तेच नाव लावून हिंडायचं, परक्यांशी खेळतानासुद्धा. 'लोळता भोपळा' मी होतो. 'ओला टॉवेल' मी होतो. एका आठवड्यात तू माझं नाव 'टाचा' ठेवलंस. टाचाच का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी आपला हसलो आणि आठवडाभर टाचा म्हणून मिरवलो.

चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यात तपासणीच्या टेबलावर माझी निम्मी हयात गेली. "सुटलेला एक धागा दिसतो तुला, आणि अख्खा माणूस दिसत नाही का बे?" हे तुझं ठरलेलं. पहिल्यांदा हसू आलं, मग ते लागायला लागलं. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, नंबर होता तोच आहे, चष्मा बदलायची काही गरज नाही. तरी मी हट्टानं नवा करून घेतला. फ्रेम निवडायला तू आला होतास. आरशात माझ्या खांद्यावरून बघत म्हणालास, "आता दिसेल बघ तुला." दस्तगीर, त्या दुकानात उभं राहून हे कसं रे बोलवलं तुला?

मल्लिनाथचं मला आठवू नये असं वाटतं, आणि तेच सारखं आठवतं. बाळीवेशीतला आपला झेरॉक्सवाला, अक्कलकोटकडचा, चिडला की कानडीत शिरणारा. दुकानातल्याच कॉम्प्युटरवर खेळायचा, रविवारी शटर अर्धं ओढून. त्या मशीनचा पंखा एवढा ओरडायचा की आपल्याला वाटायचं हा पिठाच्या गिरणीत बसून बोलतोय.

त्या रविवारी माझा सामना त्याच्याशी होता आणि तुम्ही बाकीचे बघत होता. मी उतारावरच्या गवतात पोटावर सरकत होतो, श्वाससुद्धा धरून, जणू तोही ऐकू जाणार होता. आणि हा हेडफोनमध्ये म्हणाला, "अय्यो संज्या, किती सरकतोस बे? टाचा दिसायल्यात तुझ्या." आणि गोळी घातली.

सगळे हसले. मीही हसलो. तू हसला नाहीस.

"मल्ल्या, एवढ्या लांबून टाचा कशा दिसल्या तुला?"

"दिसल्या की."

"सेटिंगचा फोटो टाक. आत्ताचा. मघाचा नको."

त्यानं टाकला. गवत बंद होतं. सामन्याआधी फोटोपुरतं चालू केलं होतं आणि खेळायला बसताना काढून टाकलं होतं.

"माझ्या मशीनला पेलत नाही बे गवत," तो म्हणाला. "चालू केलं की पडदा थांबत थांबत चालतोय. मी वळायच्या आत तुम्ही मला मारून मोकळे. तुमच्याकडं कार्डं हायत. तुमचा पडदा पळायलाय, माझा लंगडायलाय, हे सारखं हाय काय?"

"मग आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर खेळवलं असतंस?"

"नियम तो नियम."

"दस्त्या, नियम तू तुझ्या मशीनकडं बघून केलायस."

त्याचं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं. तू कार्ड आणेपर्यंत मी तसल्याच मशीनवर खेळलो होतो, मला नाही पटणार तर कुणाला? पण सगळ्यांसमोर आपल्या टाचा दिसल्या याची लाज मोठी होती. मी मध्येच म्हणालो, "कारणं नकोत. फोटो एक टाकायचा आणि खेळायचं दुसऱ्यावर, ह्याला चोरी म्हणतात." तू त्याला बाद केलंस आणि सामना मला दिलास. म्हणजे बारसं करायचा मान माझा. मी त्याचं नाव 'चोर' ठेवलं. हेडफोनमध्ये नुसती ती गिरणी चाललेली. मग मल्लिनाथ म्हणाला, "बिडो, जाऊ दे," आणि गेला.

तो पुन्हा आला नाही. सामना नाही म्हणजे नाव उतरणंही नाही. परक्यांच्या खेळात तो कधीमधी दिसायचा, 'चोर' हेच नाव लावलेला, हट्टानं. मी बाळीवेशीतून जाणं सोडलं. गेलोच तर पलीकडच्या बाजूनं, मान खाली घालून. एकदा तू मोटरसायकल चालवत होतास, मी मागं बसलो होतो. "त्या रस्त्यानं नको," म्हटलं. का, ते तू विचारलं नाहीस. मुकाट्यानं गाडी वळवलीस. मला वाटलं, किती समजून घेतो हा माणूस.

तुला माती दिली, तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, पाहुणे पांगले, आणि भाभींनी मला तुझ्या कॉम्प्युटरसाठी बोलावून घेतलं. "संजूभाई, उसमें बच्ची की शादी के फोटो हैं. मेरे को चालू करना बी नै आता. निकालके देते क्या?" दुपार होती. भाभी चहा टाकायला आत गेल्या आणि मी तुझ्या खुर्चीत बसलो. खुर्ची तुझ्या उंचीला लावलेली, माझे पाय नीट टेकेनात.

फोटो शोधताना खेळाचं चिन्ह दिसलं. वाटलं, एकदा तुझ्या जागेवरून बघावं. झालेल्या सामन्यांचं रेकॉर्डिंग मशीनमध्ये राहतं, आणि ज्या मशीनवर बघाल त्याच्या सेटिंगप्रमाणे ते दिसतं. आपला शेवटचा रविवार तिथं होता. तो मी लावला. तुझ्याबरोबर अजून एकदा खेळल्यासारखं होईल, एवढीच इच्छा होती.

उतार ओळखला. पण गवत नव्हतं. पिवळट, गुळगुळीत, सारवल्यासारखी जमीन, आणि तिच्या मधोमध मी. पालथा. थोडा सरकायचो, थांबायचो, मान वळवून बघायचो, पुन्हा सरकायचो. अशोक चौकात भर दुपारी पालथं पडून, आपण कुणाला दिसत नाही असं समजणाऱ्या माणसासारखा. मी लपलेला होतो, पण फक्त माझ्यापुरता.

तू समोरच्या छपरावर होतास. तुझ्या बंदुकीची दुर्बीण माझ्यावर होती, अगदी सुरुवातीपासून. मी सरकेन तशी तीही सरकत होती. तू मारत नव्हतास. रेकॉर्डिंगमध्ये बोलणं राहत नाही, पण आपण काय बोलत होतो ते मला आठवत होतं. माझी लेक नुकतीच सासरी गेलेली, तिचे रडके फोन येत होते, ते मी तुला सांगत होतो. तू म्हणत होतास, "पहिलं वर्ष असंच असतंय रे. तू सारखा फोन करून विचारू नको, ती जास्त रडेल." किती सावकाश, किती मायेनं बोलत होतास, आणि दुर्बीण माझ्या पाठीवर होती. माझं बोलून संपलं, तेव्हा तू गोळी घातलीस.

"अरे, कळलं कसं तुला?" असं मी विचारलं होतं.

"आवाज आला तुझा," तू म्हणाला होतास.

आधी मला वाटलं, खेळाची नवी आवृत्ती आली की सेटिंग आपोआप बदलतं, तसं झालं असेल. तुझ्या बाजूनं बोलायला मी किती तयार होतो बघ. मी सेटिंग उघडलं. तिथं जमवलेलं सेटिंग नाव देऊन साठवून ठेवायची सोय असते. तू दोन साठवली होतीस. एकाचं नाव 'फोटो'. त्यात गवत पूर्ण, सावल्या पूर्ण. दुसऱ्याचं नाव 'संडे'.

भाभी चहा घेऊन आल्या. मी म्हणालो, मशीन बिघडलंय, फोटो निघत नाहीत. "अल्ला, ये बी गया क्या उनके पीछे?" असं म्हणत त्या दारापर्यंत आल्या. मी चहाला हात न लावता निघून आलो. मेलेल्या माणसावरचा राग मी जित्या बाईवर काढला, तीही तुझी, सुतकातली. हे तुला सांगायला हवं. तुझ्यावर चिडून मी काय काय केलं त्यातलं हे पहिलं.

मग घरी बसून तुझ्यासाठी कारणं शोधली. तुझे डोळे गेले होते का? नव्हते. होटगी रोडवरच्या तुझ्या ऑफिसच्या दारातून लांबून येणाऱ्या ट्रकची नंबरप्लेट तू वाचायचास. मशीनला गवत पेलत नव्हतं का? आपल्या सगळ्यांत चांगलं मशीन तुझं होतं. पैजा लागायच्या का? एक भजी कधी लावली नाही आपण. मग कशासाठी? मला 'ओला टॉवेल' म्हणायला मिळावं यासाठी? आणि मल्लिनाथला टाचा दिसल्या म्हटल्याबरोबर तू ओळखलंस, कारण त्या टाचा तुलाही दिसत होत्या! तुझ्याच पडद्यावर दिसत होत्या! चोराला पकडलंस म्हणून मी तुझं कौतुक केलं होतं त्या रात्री.

त्याच तुझं दुसरंही आठवतं आणि माझा राग धड रागही राहत नाही. जेऊरला माझे वडील गेले तेव्हा माझ्या भावकीच्या आधी तू पोचलास, रिकामी गाडी घेऊन, कुणाला काय लागेल म्हणून. लाकडं तू उतरवलीस. माझ्या आईला तू उचलून ओसरीवर बसवलंस. तो तू आणि छपरावरचा तू, ही दोन माणसं असती तर किती सोपं झालं असतं. एकाला रडलो असतो, दुसऱ्याला शिव्या दिल्या असत्या.

शेवटी एकच गोष्ट हातात होती. मल्लिनाथला खरं सांगायचं. चोर म्हणून ज्याला हाकलला त्याला सांगायचं की हाकलणारा तेच करत होता, आणि मी ठेवलेलं नाव काढून घ्यायचं. तुझा चाळिसावाही झाला नव्हता. मेलेल्या मित्राची अब्रू त्याच्या पाठीमागे उघडी करायला निघालोय असं वाटत होतं, आणि नाही सांगितलं तर जित्या माणसाची गेलेलीच राहणार होती. मी गेलो. या वेळी बाळीवेशीत अलीकडच्या बाजूनं.

"ऑ? कोण आलंय!" मल्लिनाथनं मान वर केली. "काय पाहिजे? आधार का सातबारा?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग, दोन नावं, सगळं. तो कुणाच्या तरी कागदांच्या प्रती काढत होता. यंत्राचा उजेड त्याच्या तोंडावरून जात-येत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "माहीत हाय."

"माहीत हाय? म्हणजे तेव्हाच ओळखलं होतंस?"

"छे बे. मला कुटलं कळतंय. दस्त्यानंच सांगितलं." त्यानं कागद टाचले. "गेल्या दिवाळीच्या आधी आलता. हितंच, तू उभारलायस तितं उभारला. मी म्हटलं, काय पाहिजे. तर म्हणाला, शिव्या. मनसोक्त दे म्हणाला."

"दिल्यास?"

"सोडतोय व्हय? मराठीत दिल्या, कानडीत दिल्या, त्याच्या भाषेत बी दिल्या. एक बाई दाखल्याची झेरॉक्स घ्यायला उभारलेली, ती कागद टाकून पळाली."

"मग?"

"मग काय. घसा सुकला. चहा सांगितला."

तेव्हापासून तुम्ही दोघं खेळत होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना तो दुकानातून, तू ऑफिसातून. दोघंही गवत बंद करून. "त्याला मी उघडा, मला तो उघडा," मल्लिनाथ म्हणाला. "पडदा बी लंगडत नाही. सारखं झालं की." आणि रविवारी तू माझ्याशी खेळायला बसायचास, 'संडे' लावून. मी विचारलं, मग माझ्याशी खेळताना तरी गवत लावायचं ना त्यानं? तर म्हणाला, "लावून बघितलं म्हणालता. जमेना म्हणे. सवय लागल्यावर गवत लावलं की आंधळं झाल्यागत व्हायचं त्याला."

'चोर' हे नाव उतरव, असं तू त्याला सांगितलं होतंस. त्यानं ऐकलं नाही. ज्यानं ठेवलंय त्यानंच येऊन उतरवायचं, असं म्हणाला होता.

"मग आता मी आलोय की."

"तोंडानं उतरतंय व्हय नाव? रविवारी ये खेळायला. आणि ते तुझं गवत काढून ये."

मी निघालो होतो. पायरीवरून परत फिरलो. विचारायचं होतं ते राहिलंच होतं. "मल्लिनाथ, तुला सांगितलं त्यानं. मला का नाही सांगितलं?"

त्यानं यंत्राचं झाकण बंद केलं. "मी बी हेच विचारलं. म्हणाला, मल्ल्या, तू शिव्या देतोस आणि मोकळा होतोस. संज्या शिव्या देणार नाही. तो नुसता रस्ता बदलेल. तुझ्यासाठी बदललाय, मी रोज बघायलोय. माझ्यासाठी बदलला तर मी कुटं जाऊ?"

दस्तगीर, हे ऐकून माझं समाधान झालं नाही, हे तुला सांगून ठेवतो. मला अजून फसवल्यासारखंच वाटतंय, आता दुहेरी. तुझी आणि त्याची दिलजमाई झाल्यावरही मी मान खाली घालून पलीकडच्या बाजूनं चालत होतो, आणि तू ते बघत होतास. "जा, त्यानं मनातून काढून टाकलंय," एवढं वाक्य तुझ्या तोंडून निघालं नाही, कारण ते बोलायचं तर पुढचंही बोलावं लागलं असतं. छपरावरून बघत होतास तसंच हेही बघितलंस.

दुसऱ्या दिवशी भाभींकडे गेलो. फोटो सगळे काढून दिले. खोटं बोललो होतो हे सांगितलं आणि का तेही सांगितलं. त्यांचं नाव ज्याच्याशी जोडलेलं आहे ते त्यांच्या नकळत मी कुठं बोलणार नव्हतो. त्या लेकीच्या लग्नाच्या फोटोतला तुझा फेटा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हारे तो खाना नै खाते थे उनो. मैं बोलती, खेलच है ना जी. लिखो तुम. मेरे सामने बी कबी कबूल नै करे, कम से कम तुमारे हात से हो जाने दो."

ग्रुपवर मी दोन गोष्टी कळवल्या आहेत. फोटोवरचं 'सरळ' काढा. आणि स्पर्धेला दस्तगीरच्या नावाचा नियम लावायचाच असेल तर तो असा: सगळ्यांनी गवत बंद, सावल्या बंद, सगळ्यात कमजोर मशीनला पेलेल एवढंच. मल्लिनाथशी खेळताना तू खरा नियम तोच पाळलास. त्यावर एकानं लिहिलं, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलवतं कसं रे तुला?" दोघं ग्रुप सोडून गेले. बोलवत नाहीच. पण गप बसून मी काय करतो ते आता मला ठाऊक झालंय.

भिंतीवरच्या चार ओळींत मी लिहिणार होतो की तू उगाच घाबरलास, मी काही तसा माणूस नाही. ते लिहून खोडलं. मी तसाच आहे. पहिले काही दिवस मी तुझा फोन उचलला नसता. होटगी रोडनं जाणं सोडलं असतं. बायकोनं विचारलं असतं तर काही नाही म्हणालो असतो. महिना गेला असता, कदाचित दोन. तेवढं तू थांबायला हवं होतंस. मग आलोच असतो की रे.